परदेशी स्टोअरवर गेम विकताय? विक्रीकर, जीएसटी नोंदणी आणि एलयूटी : सांगली-साताऱ्यातल्या गेम डेव्हलपरसाठी

स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन स्टोअरचा महिन्याचा अहवाल पहिल्यांदा उघडला की विक्रीचा आकडा एक दिसतो आणि बँकेत आलेली रक्कम त्याहून बरीच कमी असते. यातलं कमिशन किती, परदेशी कर किती, आणि आता इथे पुन्हा जीएसटी भरायचा का, हे प्रश्न विश्रामबागेत किंवा कराडात घरून काम करणाऱ्या प्रत्येक डेव्हलपरला पडतात. वेळेवर नीट माहिती न मिळाल्यानं कष्टाचे पैसे जातात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी एक गोष्ट पक्की करा : करारानुसार ग्राहकाला गेम विकतंय कोण? सांगलीच्या मार्केट यार्डात अडत्या हळद विकतो, आपली अडत आणि खर्च कापतो आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी ठेवतो. स्टीमसारखं स्टोअर साधारण तसंच वागतं. ग्राहकाकडून कर तेच घेतं, त्या त्या सरकारला तेच भरतं आणि उरलेल्या रकमेतला तुमचा हिस्सा तुम्हाला देतं. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या वेफेअर निकालानंतर बहुतेक राज्यांनी विक्रीकर गोळा करायची जबाबदारी अशा बाजारपेठांवरच टाकली. युरोपीय संघात २०१५ पासून डिजिटल सेवेवर ग्राहकाच्या देशाचा व्हॅट लागतो आणि तोही स्टोअरच भरतं. त्यामुळे टेक्सासच्या किंवा जर्मनीच्या कर खात्यात तुम्हाला नोंदणी करावी लागत नाही.

तरीही त्या कराचा फटका तुमच्या कमाईला बसतोच, कारण युरोपात छापील किमतीत व्हॅट धरलेला असतो. हंगेरीत तो २७ टक्के आहे. तिथे १० युरोला विकलेल्या गेममधून कर वजा जाता ७.८७ युरो उरतात, त्यातून स्टीमचे ३० टक्के गेले की तुमच्या वाट्याला ५.५१ येतात. लक्झेंबर्गमध्ये १७ टक्के आहे, तिथे हाच हिशेब ५.९८ वर येतो. अमेरिकेत विक्रीकर किमतीच्या वर लावला जातो, म्हणून १० डॉलरमधले ७ डॉलर तुमचे. भारतात ५९० रुपयांतले ९० रुपये जीएसटीचे, ५०० वर कमिशन, हातात ३५०. म्हणून देशवार किंमत ठरवताना डॉलरचा आकडा तसाच युरोत टाकू नका.

इच.आयओ या छोट्या डेव्हलपरांच्या गेम-स्टोअरवर मात्र सावध राहा. तिथे पैसे थेट स्वतःच्या खात्यात घेण्याचा पर्याय निवडला तर विक्रेते तुम्ही ठरता आणि ग्राहकाच्या देशातल्या कराची जबाबदारीही तुमच्यावर येते. माझं स्पष्ट मत आहे की एकट्यानं काम करणाऱ्यानं तो पर्याय घेऊच नये. मोबाइल स्टोअरच्या बाबतीत भारतातल्या ग्राहकांना होणाऱ्या विक्रीचं कलम वेगळं वाचा, कारण तिथला १८ टक्के जीएसटी भारतीय डेव्हलपरवर येऊ शकतो.

नोंदणी कुणाला लागते?

महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी सक्तीची. ‘माझे पैसे परदेशातून येतात, ते यात धरत नाहीत’ असा समज सर्रास आढळतो, तो चुकीचा आहे. निर्यातही उलाढालीत मोजली जाते, आणि त्याच पॅनवर तुमचं दुसरं काही काम असेल तर तेही. २० लाखांच्या आत असाल तर नोंदणी साधारणपणे ऐच्छिक आहे.

नोंदणीनंतरही निर्यातीवर कर शून्य असतो. अट अशी की सेवा घेणारा भारताबाहेरचा हवा, सेवेचं ठिकाण भारताबाहेर हवं, आणि पैसे परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँकेनं परवानगी दिलेल्या प्रकारे रुपयांत यायला हवेत.

अर्ज जीएसटी पोर्टलवर आरईजी-०१ या फॉर्ममध्ये करायचा. सरकारी शुल्क नाही. पॅन, आधार, फोटो आणि व्यवसायाच्या जागेचा पुरावा एवढं लागतं. आपल्याकडे बहुतेकांचं घर वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतं. तिथे त्यांचं संमतीपत्र आणि त्यांच्या नावाची घरपट्टी पावती किंवा वीजबिल जोडा. भाड्याची जागा असेल तर भाडेकरार. बँक खातं नंतर जोडता येतं, पण नोंदणीपासून ३० दिवसांत किंवा पहिलं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) भरण्याआधी, जे आधी येईल तेव्हा. यादीबाहेरचे कागद मागून अर्ज अडवू नयेत, अशी सूचना केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं १७ एप्रिल २०२५ ला अधिकाऱ्यांना दिली आहे (क्रमांक ०३/२०२५). अर्जावर शंका काढली गेली तर सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्या, नाहीतर अर्ज फेटाळला जातो.

व्यवसायाचं वर्णन लिहिताना ‘ऑनलाइन गेमिंग’ असं मोघम लिहू नका. पैसे लावून खेळायच्या खेळांवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के दर आला आणि पुढे तो ४० टक्के झाला. त्याचा तुमच्या गेमशी काही संबंध नाही. ‘संगणक सॉफ्टवेअर वापरण्याचा परवाना’, सेवा संकेतांक ९९७३३१, हे वर्णन गेमचा परवाना स्टोअरला देणाऱ्याला बसतं.

एलयूटी : सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं

कर न भरता निर्यात करायची तर आधी हमीपत्र द्यावं लागतं, त्यालाच एलयूटी म्हणतात. पोर्टलवर आरएफडी-११ हा फॉर्म भरायचा, दोन साक्षीदारांची नावं, पत्ते आणि व्यवसाय द्यायचे. फी नाही. अडीच कोटींहून जास्त करचुकवेगिरीचा खटला दाखल नसलेला कोणताही नोंदणीकृत निर्यातदार पात्र आहे. हे पत्र ३१ मार्चला संपतं, दरवर्षी नवं लागतं. गेम बाजारात आणण्याआधी ते भरून ठेवा, कारण नंतर विलंब माफ करून घेण्यासाठी पत्रव्यवहार करण्यात जीव जातो. दर महिन्याच्या रकमेचं निर्यात बीजक बनवा आणि कर न भरता एलयूटीवर निर्यात केल्याची ओळ त्यावर लिहा. पैसे बीजकापासून वर्षभरात आले पाहिजेत. बँकेकडून परकीय रकमेचा दाखला प्रत्येक वेळी मागून घ्या. इथल्या शाखेत तो लगेच मिळत नाही, म्हणून लेखी अर्ज देऊन पोच ठेवा.

परदेशातून विकत घेतलेल्या आर्ट, संगीत किंवा इंजिनच्या वर्गणीवर नोंदणीकृत डेव्हलपरला उलट आकारणीनं, म्हणजे विक्रेत्याऐवजी खरेदीदारानं भरायच्या पद्धतीनं, १८ टक्के कर स्वतः भरावा लागतो. त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट मिळते, आणि साठलेल्या क्रेडिटचा परतावा आरएफडी-०१ या फॉर्मनं दोन वर्षांच्या आत मागता येतो.

अमेरिकेतल्या विक्रीच्या तुमच्या हिश्श्यातून आणखी एक कपात होते. हा विक्रीकर नव्हे, तो तिथल्या विक्रीवर मिळणाऱ्या रॉयल्टीवरचा आयकर आहे. काहीच कळवलं नाही तर ३० टक्के कापतात. स्टोअरच्या कर-मुलाखतीत (कराबद्दलच्या ऑनलाइन प्रश्नावलीत) डब्ल्यू-८बेन हा परदेशी व्यक्तीसाठीचा अमेरिकी फॉर्म भरून पॅन आणि भारत-अमेरिका कर कराराचं कलम १२ दिलं की सॉफ्टवेअर रॉयल्टीवर दर १५ टक्के होतो. वरच्या ७ डॉलरमधून ४.९० ऐवजी ५.९५ हातात येतात, एवढा एका फॉर्मचा फरक. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डब्ल्यू-८बेन-ई. सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाअखेर फॉर्मची मुदत संपते. कापलेल्या कराचं श्रेय भारतातल्या आयकरात मिळतं, त्यासाठी स्टोअरकडून येणारा १०४२-एस हा कपातीचा दाखला जपून ठेवा.

नोंदणी झाली की महाराष्ट्राचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये लागू होतो. उलाढाल पाच कोटींपर्यंत असेल तर जीएसटी विवरणपत्रं तिमाही भरता येतात. एकही प्रत न विकल्या गेलेल्या तिमाहीचंही विवरणपत्र भरावंच लागतं, नाहीतर शून्य विवरणपत्रालाही दिवसाला २० रुपये विलंब शुल्क लागतं.