ऑक्सिटोसिन, सेरोटोनिन आणि मिसळणाचा डबा

व्हॉट्सअ‍ॅपवर मेंदूतल्या रसायनांची ती यादी दर दोन-तीन महिन्यांनी फिरून येतेच. डोपामिन म्हणजे बक्षीस, सेरोटोनिन म्हणजे समाधान, ऑक्सिटोसिन म्हणजे प्रेम. मिसळणाच्या डब्यातसुद्धा हळद तिखटात सांडते. मेंदूतल्या वाट्या मात्र म्हणे कधी एकमेकींत सांडत नाहीत.

सेरोटोनिन तुम्हाला ओळखीचं आहे, म्हणून पटकन उरकतो. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून बनणारा छोटा रेणू. शरीरातलं 90 टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात असतं आणि ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. केळ्यातल्या सेरोटोनिनने मन प्रसन्न होतं असं सांगणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं. मेंदूपुरतं सेरोटोनिन मस्तिष्कस्तंभातल्या (ब्रेनस्टेम) राफे केंद्रकं नावाच्या पेशीसमूहांतल्या पेशी बनवतात. नैराश्यावरच्या ज्यांना लोक ‘सेरोटोनिनच्या गोळ्या’ म्हणतात, त्यांत सेरोटोनिन नसतं.

ऑक्सिटोसिन मात्र दुसऱ्या जातीचं, न्यूरोपेप्टाइड. न्यूरोपेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची साखळी: ऑक्सिटोसिनमध्ये 9, सबस्टन्स पीमध्ये 11, न्यूरोपेप्टाइड वायमध्ये 36. लहान रेणू विरुद्ध लांब साखळी, हा फरक लिहिला की परीक्षेत मार्क मिळतात. समजत काहीच नाही.

खरी गोम पुरवठ्यात आहे. सेरोटोनिन चेतातंतूच्या टोकाशीच तयार होऊ शकतं, आणि बाहेर सोडलेलं बरंचसं तीच पेशी परत उचलून घेते. ही उचल रोखणं हेच त्या गोळ्यांचं काम. पेप्टाइडचं तसं नाही. पेशीच्या मुख्य भागात आधी लांब प्रथिन बनतं, ते कापून मोठ्या पिशव्यांत भरलं जातं आणि टोकापर्यंत वाहून न्यावं लागतं. एकदा सोडलं की परत उचलणारं कोणी नाही. विकरं (एन्झाइम) त्याचे तुकडे करतात. नवा माल येईपर्यंत थांबा. त्यामुळे या मोठ्या पिशव्या सहसा पेशी जोरात, सलग धडधडली तरच फुटतात. राफेच्या पेशी जागेपणी संथ, एका लयीत चालू असतात. म्हणजे सेरोटोनिनची धार बारीक आणि सततची, तर पेप्टाइड काहीतरी मोठं घडलं तरच.

आणि दोन्ही वेगवेगळ्या घरांत राहतात असंही नाही. सेरोटोनिनच्या काही पेशींत सबस्टन्स पी पण असतं, हे स्वीडिश मेंदूशास्त्रज्ञ टोमास ह्योकफेल्ट यांच्या गटाने 1978 मध्येच दाखवलं होतं.

आता ही दोघं आठवणीत काय करतात, तिकडे. 2013 मध्ये स्टॅनफर्डच्या गुल डोलेन, रॉबर्ट मालेन्का आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेला प्रयोग मला या विषयातला सगळ्यात आवडतो. उंदीर एक दिवस सोबत्यांबरोबर एका प्रकारच्या भुशावर ठेवायचा, एक दिवस एकटा दुसऱ्या प्रकारच्या भुशावर. नंतर निवड दिली की तो सोबतीच्या भुशाकडे वळतो. सुखाची आठवण म्हणतात ती हीच. न्यूक्लिअस अ‍ॅकम्बन्स या मेंदूतल्या बक्षिसाशी जोडलेल्या भागात ऑक्सिटोसिनला अटकाव केला, तर ही ओढ नाहीशी होते. इथवर ‘प्रेमाचं संप्रेरक’वाले खूश! पण ऑक्सिटोसिन तिथे ज्या ग्राहींवर (पेशीवरच्या, रेणू पकडणाऱ्या प्रथिनांवर) बसतं, त्यांतले महत्त्वाचे ग्राही राफेकडून आलेल्या सेरोटोनिनच्या तंतूंवर होते. ते काढले, तरी ओढ गेली. ऑक्सिटोसिनला हात न लावता सेरोटोनिनचा 1बी ग्राही अडवला, तरीही गेली. मग ती आठवण प्रेमाच्या वाटीतली की समाधानाच्या?

भीतीच्या आठवणीत तर लेबलं आणखीच निसटतात. आवाज आणि विजेचा झटका यांची सांगड उंदरांना शिकवताना सिटॅलोप्रॅम या ‘सेरोटोनिनच्या गोळी’चा एकच डोस दिला, तर भीती वाढते. तेच औषध बरेच दिवस दिलं, तर कमी होते. ऑक्सिटोसिन अमिग्डालाच्या (मेंदूतलं भीतीशी जोडलेलं केंद्र) मध्यवर्ती भागात सुटलं, तर भीतीने थिजलेला उंदीर सैल पडतो. सेप्टम या मेंदूतल्याच दुसऱ्या केंद्राच्या बाजूच्या भागात मात्र त्याच ऑक्सिटोसिनचे ग्राही भीती वाढवताना दिसले आहेत. रेणू तोच, नऊच्या नऊ अमिनो आम्लं तीच.