गांडूळ की देवगांडूळ?

पावसाळ्यात शेणखताचा ढीग उपसताना फावड्याखालून काळसर, चकचकीत, वीतभर लांबीचं काहीतरी वळवळत निघालं की कुणी म्हणतं, "केवढं मोठं गांडूळ!" आणि कुणी ओरडतं, "साप आहे, मारा!" गेल्या वर्षी आमच्या आगरात ओरडणाऱ्याचं ऐकलं गेलं. घाव बसल्यावर मी खाली वाकून पाहिलं. तोंड उघडं पडलं होतं आणि त्यात बारीक, मागे वळलेले दात होते. गांडुळाला दात नसतात. अंगावर सापासारखे खवलेही दिसेनात. ते देवगांडूळ होतं, बेडकासारखं उभयचर, पण बिनपायांचं. नाहक मेलं.

दोघांच्याही अंगावर वळ्या असतात, फसगत होते ती तिथेच. गांडुळाची वळी म्हणजे खरोखरचा कप्पा, आतून पडदा घातलेला. देवगांडुळाची वळी नुसती कातडीची घडी. आत पाठीचा कणा आहे, बरगड्या आहेत.

खाण्याच्या बाबतीत तर दोघं शिकार आणि शिकारी आहेत. गांडूळ माती गिळतं, पण त्याला हवा असतो तिच्यातला कुजका पाला आणि सूक्ष्मजीव. दात नाहीत, म्हणून पोटात जणू जातंच बसवलेलं आहे. पेषणी नावाच्या या जाड स्नायूंच्या पिशवीत माती आणि पाला भरडला जातो. पुढे आतड्याच्या छताला एक घडी लोंबते. तिच्यामुळे अन्नरस शोषायला जास्त जागा मिळते. उरलेली माती विष्ठेच्या गोळ्या होऊन बाहेर पडते. देवगांडूळ माती खात नाही. ते वाळवी, मुंग्या आणि चक्क गांडुळं पकडतं. दात मागे वळलेले असल्यामुळे बुळबुळीत भक्ष्य निसटत नाही.

शोषलेला अन्नरस अंगभर पोचवायला दोघांकडेही लाल रक्त आहे आणि ते नळ्यांतूनच फिरतं, झुरळासारखं पोकळीत मोकळं सुटत नाही. पण लाली वेगवेगळ्या ठिकाणची. गांडुळाचं हिमोग्लोबिन रक्तद्रवातच विरघळलेलं असतं, रक्तपेशी बिनरंगी. देवगांडुळाचं आपल्यासारखं लाल पेशींत भरलेलं. फिकट रंगाचं गांडूळ ओल्या तळहातावर धरून पाठीवरची गडद रेघ निरखा. रक्त मागून पुढे सरकताना दिसतं. पुढच्या भागातल्या हृदयांच्या जोड्या ते खाली पोटाकडच्या नळीत ढकलतात. या जोड्या पाच असतात असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण ती गोष्ट युरोपातल्या गांडुळाची. आपल्याकडे वर्गात शिकवतात त्या फेरेटिमाला चार जोड्या असतात. देवगांडुळाचं हृदय एकच, बेडकासारखं तीन कप्प्यांचं.

श्वासाचा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो उघड्या डोळ्यांनी दिसतो. गांडुळाला फुप्फुस नाही, त्याची सगळी भिस्त ओल्या कातडीवर. ऑक्सिजन आधी त्या ओलाव्यात विरघळतो, मग रक्तात उतरतो. म्हणून उन्हात फरशीवर सापडलेलं गांडूळ नुसतं सुकत नाही, ते गुदमरतं. देवगांडूळही कातडीतून श्वास घेतं, शिवाय त्याला फुप्फुसं आहेत. उजवं लांबलचक, डावं बहुधा अगदी छोटं. छातीचा भाता नसल्यामुळे ते गळ्याने हवा आत रेटतं. त्यामुळे एक क्षण हात थांबवून हनुवटीखाली पाहा. तिथली कातडी लपलप हलत असेल तर ते गांडूळ नक्कीच नाही. सापासारखी जीभही ते बाहेर काढत नाही. वाळा साप मात्र इवलीशी जीभ काढतो, आणि त्याचं अंग कोरडं, खवल्यांचं असतं.

सह्याद्रीतल्या काही देवगांडुळांची शास्त्रीय नोंद व्हायलाही अलीकडचा काळ उजाडावा लागला. आंबोलीतल्या एका जातीला 2003 साली निसर्गअभ्यासक जे. सी. डॅनियल यांच्या नावावरून 'गेगेनिओफिस डॅनियली' हे नाव मिळालं. ज्याची ओळख इतक्या उशिरा झाली, ते आपल्या खताच्या ढिगात एका फावड्याने संपतं, याचं मला फार वाईट वाटतं. माणसाला त्याच्यापासून धोका नाही.

यंदा पुन्हा एक निघालं. या वेळी फावडं बाजूला ठेवलं, हात ओले केले, कारण कोरड्या हाताने त्याच्या कातडीवरचा ओलावा पुसला जातो, आणि ओल्या मातीसकट उचलून ते माडाच्या आळ्यात सोडलं. डोकं खुपसून ते क्षणात दिसेनासं झालं.