कोकणचा काळा दगड विषुववृत्ताच्या पलीकडचा

परशुरामाने बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि कोकण वर आलं, 'हे आता विज्ञानानेही सिद्ध केलंय', असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरत असतो. कथा आपली आहे, सुंदर आहे. तिला विज्ञानाचा शिक्का मारायला मात्र माझा ठाम विरोध आहे, कारण दगड वेगळंच सांगतात. घाटात डोंगर कापलेला असतो तिथे काळ्या थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. खालचा लाव्हा निवला, उन्हापावसात त्याची वरची बाजू कुजून माती झाली, मग पुढचा लाव्हा येऊन तिच्यावर पसरला. रायगड-रत्नागिरीचा बहुतेक बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला हा काळा दगड, असा उघड्या जमिनीवर साचलेला आहे. फक्त ती जमीन तेव्हा इथे नव्हती.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा ओतला गेला, तेव्हा आजची रत्नागिरी दक्षिण गोलार्धात साधारण २८ अंशांवर होती. हे कळलं कसं, तो भाग मला सगळ्यात आवडतो.

लाव्हा हजार अंश सेल्सिअसहून तापलेला असतो. त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण तयार होतात. तापमान ५८० अंशांखाली उतरलं की हे कण चुंबक बनतात आणि त्या जागचं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ज्या दिशेला असेल ती दिशा धरतात. सारवलेलं खळं वाळलं की बोटांच्या रेषा राहतात, तशी ती दिशा दगडात राहते.

चुंबकीय क्षेत्र नुसतं उत्तर दाखवत नाही, ते कलतंही. मोकळी टांगलेली चुंबकसूची विषुववृत्तावर आडवी राहते, ध्रुवावर सरळ उभी. मधल्या अक्षांशांसाठी सूत्र सोपं आहे: कलाचा, म्हणजे सूची आडव्या पातळीशी करते त्या कोनाचा, टॅन्जंट म्हणजे अक्षांशाच्या टॅन्जंटची दुप्पट. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये कल साधारण ४७ अंश मिळतो. त्यावरून अक्षांश निघतो २८.

पण उत्तर की दक्षिण? आज अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत सूचीचं उत्तर टोक खाली झुकतं. दख्खनच्या काही थरांत ते उत्तरेकडे असून वर उचललेलं आहे, तर बहुतेक थरांत दक्षिणेकडे असून खाली झुकलेलं. हे दुसरे थर पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे होते त्या काळातले. ध्रुव सुलटे धरा नाहीतर उलटे, या दोन्ही जोड्या दक्षिण गोलार्धातच जुळतात. शिवाय थरांतली उत्तर आजच्या उत्तरेपासून बरीच पश्चिमेला सरकलेली आहे. म्हणजे भारत वर येताना डावीकडे वळलाही.

नमुना घेण्याचं काम किचकट असतं. कातळात बोटभर जाडीची कांडी ड्रिलने कापतात आणि ती सुटी करण्याआधीच तिच्यावर दिशेची खूण करतात. दगडच चुंबकीय असल्यामुळे होकायंत्र फसू शकतं, म्हणून सावलीवरून दिशा ठरवतात. प्रयोगशाळेत ती कांडी टप्प्याटप्प्याने तापवून मागाहून चढलेलं चुंबकत्व पुसायचं, आणि खाली उरलेली जुनी दिशा मोजायची. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी १९५० च्या दशकात दख्खनच्या दगडांवर हे काम केलं, तेव्हा खंड सरकतात हे मानायला जगातले बहुतेक भूवैज्ञानिक तयार नव्हते.

दक्षिणेच्या २८ पासून उत्तरेच्या १७ अंशांपर्यंत सुमारे ५,००० किलोमीटर होतात. सरासरी वेग वर्षाला साडेसात सेंटिमीटर. सुरुवातीला तो याहून बराच जास्त होता, आशियाला धडकल्यावर मंदावला.

आणि किनारा? तो या प्रवासातच तयार झाला. लाव्हा ओतला गेला तेव्हा आजच्या कोकणाच्या पश्चिमेला समुद्र नव्हता, सेशेल्सचा (आज हिंदी महासागरात असलेल्या बेटांचा) भूभाग चिकटलेला होता. नंतर भूशास्त्राच्या हिशेबाने थोड्याच काळात, म्हणजे काही दशलक्ष वर्षांत, तिथे कवच ताणलं आणि फाटलं. सेशेल्स मागे राहिलं. मधल्या कार्ल्सबर्ग या समुद्राखालच्या पर्वतरांगेवर नवा समुद्रतळ अजूनही तयार होतो आहे.