मांडीवरचं बाळही मोजा : लहान मुलांसोबत क्रूझ ठरवण्याआधी

नमस्कार.

दिवाळीची सुट्टी किंवा मे महिना जवळ आला की आमच्या कार्यालयात क्रूझची चौकशी सुरू होते, आणि ती बहुतेक लहान मुलं असलेल्या घरांतूनच येते. प्रश्नही ठरलेले असतात. बाळाला बोट लागेल का? मऊ भात मिळेल का? मुंबईहून जावं की सिंगापूरहून? या सगळ्यांची उत्तरं पुढे दिली आहेत. पण त्याआधी एका गोष्टीबद्दल सविस्तर सांगायचं आहे, कारण तिच्यापायी आमचे आणि तुमचेही दिवसच्या दिवस वाया जातात.

फोनवर आम्ही विचारतो, "किती जण?" समोरून उत्तर येतं, "आम्ही दोघं आणि मुलगी." आम्ही तिघांची केबिन पाहतो, भाव कळवतो, केबिन धरून ठेवतो. आठ दिवसांनी कागद येतात, तेव्हा त्यात चार नावं असतात. चौथं नाव दहा महिन्यांच्या मुलाचं. विचारलं तर म्हणतात, "अहो, तो काय, मांडीवरच असेल."

ही सवय आपल्याला कुठून लागली ते आम्हाला कळतं. एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. रेल्वेत पाचच्या आतलं मूल वेगळा बर्थ न घेता फुकट जातं. विमानातही दोन वर्षांपर्यंतचं बाळ मांडीवर बसतं. जहाजावर मात्र मांडी ही जागा धरत नाहीत. तिथे मोजणीत एका जिवाचाही फरक चालत नाही.

याचं कारण जीवरक्षक नौका. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडालं तेव्हा जहाजावर दोन हजारांहून जास्त माणसं होती आणि नौकांमध्ये जागा होती जेमतेम निम्म्यांना. त्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरच्या सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आज १९७४ चा करार लागू आहे, सोलास म्हणतात तो. त्यानुसार जहाजावरच्या प्रत्येक माणसासाठी जागा ठरलेली असते आणि दहा महिन्यांचं बाळ हेही एक पूर्ण माणूस धरलं जातं. चोवीस तासांहून लांबच्या प्रवासात प्रत्येक तान्ह्या बाळासाठी त्याच्या मापाचं लाइफ जॅकेट जहाजावर असावंच लागतं. बाळ यादीत असेल तरच ते जॅकेट त्याच्यासाठी तयार राहतं.

म्हणून कधी कधी केबिन रिकामी दिसते, तिच्यात चार बर्थही असतात, तरी चौथं नाव घालता येत नाही. त्या भागाला नेमून दिलेल्या नौकेतल्या जागा भरलेल्या असतात. अशा वेळी "जरा वरच्या साहेबांशी बोला ना" असा आग्रह होतो. बोलून उपयोग नसतो, कारण ही जागा कोणाच्या ओळखीने वाढत नाही.

मागच्या हंगामात कल्याणच्या एका कुटुंबाचं असंच झालं. केबिन तिघांची घेतलेली आणि बाळाचं नाव शेवटचे पैसे भरायच्या आदल्या दिवशी निघालं. त्या फेरीतल्या चौघांच्या केबिन तोवर संपल्या होत्या. शेवटी दोन केबिन घ्याव्या लागल्या, त्याही शेजारी-शेजारी नाहीत. एका केबिनमध्ये आई आणि बाळ, दुसरीत वडील आणि चार वर्षांची मुलगी. रात्री दीड वाजता ती आईसाठी रडायला लागली आणि वडील तिला पांघरुणात गुंडाळून, उशी काखेत धरून, दोन लांब बोळ पार करत आईच्या केबिनपर्यंत गेले. परत आल्यावर त्यांनी स्वतःच हे आम्हाला सांगितलं. खर्च वाढला तो वाढलाच, पण तीन रात्रींत कोणालाही नीट झोप मिळाली नाही. यात जहाजवाल्यांची काही चूक नव्हती. पहिल्या फोनवर चौथं नाव आलं असतं तर त्याच पैशात सगळे एका केबिनमध्ये राहिले असते.

आम्ही वय विचारत नाही, जन्मतारीख विचारतो

काही जणांना याचा राग येतो. नुसता भाव विचारला तर एवढे कागद कशाला, शेजारच्या दुकानात फोनवर दोन मिनिटांत आकडा सांगतात, असं ऐकवलं जातं. आकडा आम्हीही दोन मिनिटांत सांगू शकतो. पण मुलांची जन्मतारीख कळल्याशिवाय सांगितलेला आकडा पुढे हमखास बदलतो, आणि बदललेला आकडा तुम्हाला सांगायची वेळ यावी हे आम्हाला आवडत नाही.

बहुतेक मोठ्या कंपन्या सहा महिन्यांखालचं बाळ घेत नाहीत. रॉयल कॅरिबियनसारखी कंपनी सलग तीन किंवा जास्त दिवस फक्त समुद्रावर असलेल्या फेरीसाठी बाळ बारा महिन्यांचं झालेलं असावं असं सांगते. हे वय जहाज सुटण्याच्या दिवशी पूर्ण झालेलं लागतं. "पुढच्या आठवड्यात होतील पूर्ण" हे धक्क्यावर चालत नाही. गरोदर ताईंनीही संकोच न करता आधीच सांगावं. प्रवास संपेपर्यंत चोविसावा आठवडा सुरू होणार असेल तर बहुतेक मोठ्या जहाजांवर चढू देत नाहीत.

तिसऱ्या वाढदिवसालाही महत्त्व आहे. मोठ्या जहाजांवरच्या मुलांच्या क्लबमध्ये साधारण तीन वर्षांपासून घेतात, पण मुलाचं डायपर सुटलेलं असावं लागतं. पुल-अप, म्हणजे चड्डीसारखं चढवायचं डायपर, घातलेलंही चालत नाही. त्याहून लहान बाळांसाठी काही जहाजांवर पाळणाघर असतं, त्याचे तासाप्रमाणे वेगळे पैसे पडतात. तुमचं मूल दोन वर्षं नऊ महिन्यांचं असेल आणि क्लबच्याच भरवशावर जहाज निवडत असाल, तर फेरी चार महिने पुढे ढकला. असं सांगून आम्ही गिऱ्हाईक परत पाठवलेलं आहे आणि ते चार महिन्यांनी आमच्याकडेच आलेलं आहे.

पोहण्याच्या तलावाचंही असंच आहे. डायपरमधल्या बाळांना बहुतेक जहाजांच्या तलावात उतरू देत नाहीत, पोहण्याचं खास डायपर घातलेलं असलं तरी. काही जहाजांवर बाळांसाठी पाण्याचा वेगळा छोटा भाग असतो, तो आहे की नाही हे आम्ही आधी विचारून ठेवतो. मोठ्या घसरगुंड्यांना उंचीची अट असते. तेव्हा जाहिरातीतल्या घसरगुंडीच्या फोटोवरून तीन वर्षांच्या मुलासाठी जहाज ठरवू नका.

मुंबईहून की सिंगापूरहून

पहिल्यांदाच जात असाल आणि मूल पाचच्या आतलं असेल, तर आमचं मत स्पष्ट आहे. आधी मुंबई–गोवा–मुंबई करा. विमान नाही, व्हिसा नाही, बॅलार्ड पिअर टॅक्सीच्या अंतरावर. नाहीच जमलं तर दोन रात्रींत घरी. कॉर्डेलिया या कंपनीचं एम्प्रेस हे जहाज २०२१ पासून मुंबईहून जातं. १९९० साली बांधलेलं, जवळपास १,८०० प्रवाशांचं, म्हणजे आजच्या मानाने मध्यम आकाराचं आहे. लहान मुलांच्या आईबापांना हा आकार सोयीचा पडतो. केबिनपासून जेवणघरापर्यंत मूल कडेवर घेऊन जाता येतं, वाटेत दमायला होत नाही. शाकाहारी आणि जैन जेवणही मिळतं.

गोव्यात जहाज मुरगाव बंदरात लागतं. तिथून पणजी साधारण तीस किलोमीटर. बाळाला घेऊन तेवढ्या वेळात पणजी, म्हापसा आणि कळंगुट करायला जाऊ नका. बोगमाळोचा किनारा जवळ आहे. वाळूत दोन तास खेळवा, नारळपाणी पाजा आणि परत या. किंवा जहाजावरून उतरूच नका. बाकीचे लोक उतरलेले असतात, तेव्हा जहाज शांत असतं आणि मुलांना मोकळं फिरवता येतं.

लक्षद्वीपची फेरी दिसायला सगळ्यांत सुंदर, पण बाळ असेल तर आम्ही ती सहसा सुचवत नाही. तिथे जहाज धक्क्याला लागत नाही. बाहेर नांगर टाकतं आणि माणसं लहान बोटीतून बेटावर जातात. जहाज आणि बोट लाटेबरोबर वेगवेगळी वर-खाली होत असतात. बोट वर आली की खलाशी हात धरतो आणि तेवढ्या क्षणात पाय टाकायचा असतो. कडेवर बाळ, खांद्यावर पिशवी आणि दुसरं मूल हाताशी असताना हे सोपं नाही. हवा बिघडली तर बेटावर उतरणं रद्दही होतं. मुलं सहा-सात वर्षांची झाली की जरूर जा.

पावसाळ्यात मुंबईहून क्रूझ मागू नका. गेली काही वर्षं या दिवसांत जहाज चेन्नईकडून फेऱ्या करतं.

सिंगापूरहून जाणारं जेंटिंग ड्रीम २०१६ चं, साधारण ३,३५० प्रवाशांचं जहाज आहे. चार वर्षांपुढच्या मुलांना तिथे करण्यासारखं खूप आहे आणि भारतीय जेवणाची आबाळ होत नाही. बंदर निवडताना मात्र आमचं ऐका. मलेशियातल्या पेनांगला जहाज जॉर्ज टाउन शहरालाच लागतं, बाबागाडी ढकलत थेट गावात जाता येतं. पोर्ट क्लांगहून क्वालालंपूर गाडीने तासाभराहून जास्त, म्हणजे जाऊन-येऊन अर्धा दिवस गाडीतच. फुकेतला मोठी जहाजं बहुतेकदा पातोंगच्या किनाऱ्यासमोर नांगर टाकतात, तिथे पुन्हा लहान बोट आलीच. म्हणून लहान मुलं असतील तर आम्ही पेनांगची फेरी आधी दाखवतो, दुसरी फेरी स्वस्त असली तरी.

केबिन

तीन-चार जणांच्या केबिनमध्ये वरचे बर्थ भिंतीतून उघडतात. तिथे तान्हं बाळ झोपवायचं नाही. ते आईजवळ झोपतं किंवा छोट्या कॉटमध्ये. कॉट मोजक्याच असतात, म्हणून आम्ही त्या बुकिंगच्याच दिवशी सांगून ठेवतो. कॉट लावल्यावर केबिनमध्ये फिरायला फार जागा उरत नाही, तेव्हा मोठ्या बॅगांऐवजी पलंगाखाली सरकतील अशा मऊ पिशव्या आणा.

बाल्कनीची केबिन विकली तर आम्हाला जास्त मिळतं. तरीही पाच वर्षांखालचं मूल असेल तर आम्ही खिडकीची सुचवतो. कठडा उंच असतो, दाराला कडीही असते, पण खुर्चीवर चढणारं मूल असलं की आईचं लक्ष दिवसभर त्या दारावर राहतं आणि तिला सुट्टी अशी मिळतच नाही. बोट लागण्याची भीती असेल तर जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची केबिन मागा, तिथे हेलकावे कमी जाणवतात. दोन वर्षांखालच्या बाळांना बोट सहसा लागत नाही. त्रास होतो तो त्यापुढच्या मुलांना. औषध कोणतं ते तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा आणि निघण्याआधीच घेऊन ठेवा.

आंघोळीला शॉवर असतो, बादली-तांब्या नसतो. अंगावर शॉवर पडला की पुष्कळ बाळं रडून गोंधळ घालतात. हवा भरून फुगवायचा टब आणि एक मग सोबत ठेवा. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड आणू नका. आगीच्या भीतीने जहाजावर चालत नाहीत आणि तपासणीत काढून ठेवतात. घरचं शिजवलेलं अन्नही बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत. नाचणीचं सत्त्व, दुधाची पावडर बंद पाकिटात आणा. गरम पाणी जेवणघरात मागितलं की मिळतं. मऊ खिचडी हवी असेल तर आदल्या रात्री वाढप्याला सांगून ठेवा. आयत्या वेळी सांगितलं तर ताटकळावं लागतं आणि भुकेलं मूल थांबत नाही.

"मुलं फ्री" म्हणजे काय

बहुतेक वेळा याचा अर्थ एवढाच, की आईवडिलांच्याच केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या प्रवाशाचं मूळ भाडं माफ. बंदराचं शुल्क द्यावंच लागतं आणि पुष्कळ कंपन्या कर्मचाऱ्यांची टिपही माणशी घेतात, बाळाचीसुद्धा. आम्ही पहिल्याच दिवशी हे सगळं धरून एक आकडा देतो. म्हणून आमचा भाव कागदावर जास्त वाटतो. तुलना करायची तर दुसऱ्यांकडूनही बंदराचं शुल्क आणि टिप धरूनच आकडा मागा, मग दोन्ही शेजारी ठेवा.

येताना काय आणावं

मुंबई–गोव्यासाठी सगळ्यांची ओळखपत्रं. बाळाचं निळं बाल आधार असेल तर उत्तम, नसेल तर जन्मदाखला. तो दाखला आजच कपाटातून काढून पाहा. पुष्कळ दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा रिकामी असते, कारण दाखला दवाखान्यातून आल्यावर लगेच काढलेला असतो आणि बारशानंतर पालिकेत नाव नोंदवायचं राहून जातं. ते काम करायला वेळ लागतो. सिंगापूरसाठी बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो आणि तो परतीनंतर किमान सहा महिने चालणारा असावा. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. तान्हेपणी काढलेला असेल तर पहिलीतल्या मुलाचा संपत आलेला किंवा संपलेला असू शकतो, हे लक्षात ठेवा.

भाव विचारायला फोन केलात तरी चालेल, पण तेव्हा घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि जन्मतारीख एका कागदावर लिहून समोर ठेवा, झोळीतल्या बाळापासून आजीपर्यंत. कार्यालयात आलात तर बाळालाही घेऊन या. आमच्याकडे लहान मापाचं एक लाइफ जॅकेट ठेवलेलं आहे. ते त्याला घालून बघा. जहाज सुटण्याआधीच्या सुरक्षा सरावात ते चढवावं लागलं, तर त्याला ते अनोळखी वाटणार नाही.