‘पुरवठादार’ कोणाला म्हणायचे? ओपन सोर्स पॅकेजमधील मालवेअरची पार्श्वभूमी

विश्वासाने घेतलेल्या कोडमध्ये कोणी काही दडवून ठेवील, ही भीती जुनी आहे. २००३ मध्ये लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या (कर्नलच्या) एका प्रतीत दोन बरोबरचिन्हांच्या जागी एकच चिन्ह टाकून रूटचे, म्हणजे संगणकावरील सर्वोच्च, अधिकार मिळवून देणाऱ्या दोन ओळी घुसवल्या होत्या. त्या वेळीच पकडल्या गेल्या.

ओपन सोर्स पॅकेज, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरावा म्हणून खुला ठेवलेला तयार कोड, फुकट देणाऱ्याला ‘पुरवठादार’ मानून जबाबदार धरायचे का, या आजच्या वादाचे मूळ मात्र २०१८ च्या इव्हेंट-स्ट्रीम नावाच्या पॅकेजच्या प्रकरणात आहे. मूळ लेखकाने हे पॅकेज स्वतः वापरणे कधीच सोडले होते, आणि मदतीची तयारी दाखवणाऱ्या एका अनोळखी माणसाकडे त्याने ते सोपवले. सप्टेंबरमध्ये या नव्या माणसाने फ्लॅटमॅप-स्ट्रीम नावाची डिपेंडन्सी, म्हणजे त्यासोबत आपोआप येणारे दुसरे पॅकेज, जोडली. तिच्यातील घातक भाग एनक्रिप्ट केलेला होता आणि तो उलगडण्याची किल्ली होती वापरणाऱ्या प्रकल्पाच्याच वर्णनाची ओळ. त्यामुळे एका विशिष्ट बिटकॉइन वॉलेटखेरीज इतर सर्वत्र तो निपचित पडून राहिला. नोव्हेंबरमध्ये तो उघडकीस आला, तोही एका कालबाह्य फंक्शनबद्दल येणाऱ्या इशाऱ्याचा माग काढताना.

तेव्हा टीकेची झोड उठली ती प्रामुख्याने पॅकेज सोपवणाऱ्यावर. पुढे अशा हल्ल्यांना ‘सप्लाय चेन हल्ला’ म्हणणे रूढ झाले, आणि या शब्दाने गोंधळ वाढवला. पुरवठादार म्हटला की करार आला, मोबदला आला, जबाबदारी आली. इथे तर परवान्यातच लिहिलेले असते की कोड जसा आहे तसा दिला आहे, हमी कशाचीही नाही. फुकट घेणाऱ्या कंपन्यांनी देणाऱ्याला पुरवठादार ठरवावे, हे सोयीचे असले तरी खरे नाही. २०२२ च्या जानेवारीत कलर्स आणि फेकर ही पॅकेजेस त्यांच्या लेखकानेच जाणूनबुजून बिघडवली, तेव्हा तर हल्लेखोर आणि ‘पुरवठादार’ एकच निघाला.

२०२४ मध्ये एक्सझी युटिल्स या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार (बॅकडोअर) सापडले. ते बसवणाऱ्याने दोनेक वर्षे नेटाने काम करून ते साधन सांभाळणाऱ्या थकलेल्या माणसाचा, म्हणजे सांभाळकर्त्याचा, विश्वास मिळवला होता. दूरच्या संगणकात शिरण्याच्या एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्याच खटक्यावरून त्याचे बिंग फुटले. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक, डीबग यांसारखी पॅकेजेस दुहेरी पडताळणीच्या नावाने आलेल्या एका बनावट ईमेलमुळे दूषित झाली आणि त्याच महिन्यात, चोरलेल्या टोकनांच्या (पासवर्डऐवजी चालणाऱ्या गुप्त किल्ल्यांच्या) जोरावर एका पॅकेजातून दुसऱ्यात आपोआप पसरणारा वर्मही दिसला. त्यानंतर पॅकेज प्रकाशित करण्याचे नियम कडक करण्याचे ठरले. ते पाळायचे होते पुन्हा त्याच बिनपगारी सांभाळकर्त्यांनी.