खापरावरचं नाव: शाळेतलं ग्रीस कसं घडत गेलं

अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावर एक जुनी विहीर आहे. १९३७ साली तिथल्या उत्खननात तिच्यातून सुमारे १९० खापरं निघाली. बरीचशी पेल्यांची फुटकी बुडं, आणि प्रत्येकावर टोकदार वस्तूने कोरलेलं एकच नाव: थेमिस्टोक्लीस, निओक्लीसचा मुलगा. सलामिसच्या सामुद्रधुनीत इराणी आरमाराचा धुव्वा उडवणारा हाच तो सेनानी. पुरातत्त्वज्ञ ऑस्कर ब्रोनीर यांनी अक्षरं ताडून पाहिली, तेव्हा ही सगळी खापरं अवघ्या १४ हातांनी लिहिल्याचं दिसलं. म्हणजे त्याला हद्दपार करण्याची मतं कोणीतरी आधीच बसून तयार ठेवली होती, लोकांच्या हातात द्यायला.

अकरा-बारा वर्षांच्या मुलांना ग्रीस शिकवायचं असेल तर मी या खापरांपासूनच सुरुवात करीन. वर्गात मॉनिटर निवडताना चिठ्ठ्या कशा फिरतात, हे त्यांना कोणी सांगावं लागत नाही. दोन खापरांचे फोटो शेजारी ठेवून ‘अक्षर एकाचंच आहे का बघा’ म्हटलं की ती आपणहून पुढे सरकतात.

या प्रथेचं नाव ऑस्ट्रासिझम. ऑस्ट्राकॉन म्हणजे खापर. क्लायस्थेनीस या पुढाऱ्याने इ.स.पू. ५०८-०७ मध्ये अथेन्सची घडी नव्याने बसवली, त्यातच हिचं मूळ असल्याचं परंपरा सांगते. पहिला वापर झाला इ.स.पू. ४८७ मध्ये. यंदा कोणाला हद्दपार करायचं का, असं दरवर्षी नागरिकांच्या सभेला विचारत. होकार आला तर ठरल्या दिवशी नागरिक बाजारचौकात, म्हणजे अगोरात, नाव कोरलेलं खापर आणून टाकत. खापरांना ६००० चा आकडा गाठावा लागे. ज्याचं नाव निघे त्याने १० वर्षं शहराबाहेर राहायचं. आरोप नाही, खटला नाही, मालमत्तेलाही धक्का नाही. एकाच माणसाच्या हाती फार सत्ता जाऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. थेमिस्टोक्लीसही इ.स.पू. ४७० च्या सुमारास असाच बाहेर गेला.

गंमत अशी की हीच गोष्ट शाळेत बराच काळ उलट अर्थाने सांगितली जाई: बघा, लोकांच्या हाती सत्ता दिली की असं होतं! चरित्रकार प्लुटार्कने दिलेली, अथेन्सचा पुढारी अरिस्टायडीसची कथा त्यासाठी सोयीची होती. एका निरक्षर शेतकऱ्याने खुद्द अरिस्टायडीसलाच न ओळखता त्याच्याकडून त्याचं नाव लिहून घेतलं. कारण काय, तर ‘न्यायी, न्यायी’ असं ऐकून ऐकून कान किटले होते. प्लुटार्क या घटनेनंतर साडेपाचशेहून अधिक वर्षांनी लिहीत होता, हे मात्र मुलांना क्वचितच सांगितलं जाई.

अठराव्या शतकातल्या शिकलेल्या युरोपला अथेन्सची धास्तीच होती. विल्यम मिटफर्डच्या इंग्रजी इतिहासात तिथली लोकशाही म्हणजे झुंडशाही. अमेरिकेची घटना मंजूर होत असताना, १७८८ मध्ये, जेम्स मॅडिसननेही लिहिलं की अथेन्सचा प्रत्येक नागरिक सॉक्रेटिस असता तरी सभा जमावाचीच ठरली असती. दुसरीकडे प्रशिया या जर्मन राज्यात १८०९-१० मध्ये शिक्षणखातं सांभाळणाऱ्या विल्हेल्म फॉन हुम्बोल्टने ग्रीकला माणूस घडवणारी भाषा मानलं आणि तिथल्या माध्यमिक शाळांत ती पक्की रुजली. पण तिथे ग्रीस म्हणजे मुख्यतः व्याकरण आणि महाकवी होमर.

खरा पालट केला जॉर्ज ग्रोटने. हा लंडनचा बँकर, काही वर्षं खासदारही. १८४६ ते १८५६ या काळात त्याने १२ खंडांत ग्रीसचा इतिहास लिहिला, अथेन्सच्या नागरिकांच्या सभेची बाजू घेतली आणि खापरांच्या हद्दपारीचंही समर्थन केलं: नव्या लोकशाहीला तेवढं कुंपण हवंच होतं. इंग्लंडमध्ये मताधिकाराचा वाद पेटलेला असतानाचं हे लेखन आहे. ‘लोकशाहीचं माहेर अथेन्स’ हे आपल्याला सनातन वाटणारं वाक्य त्यानंतर वर्गात स्थिरावलं.

अमेरिकेत १८९९ च्या इतिहासकार समितीने माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षाला प्राचीन इतिहास दिला. १९१६ च्या ‘सामाजिक शास्त्रां’च्या अहवालाने तो आक्रसला. कॅलिफोर्नियाने १९८७ च्या आराखड्यात प्राचीन संस्कृतींना सहावीचं अख्खं वर्ष दिलं. १९९८ च्या मानकांत ग्रीससाठी नागरिकत्वाची कल्पना, अथेन्स-स्पार्टा, इराणी युद्धं, होमर आणि इसाप अशी यादी आली. त्याच वर्षात प्राचीन भारतही येतो. तिकडच्या मराठी घरांतली मुलं एकाच वहीत अथेन्सचा नेता पेरिक्लीस आणि सम्राट अशोक लिहितात.

आपल्याकडे ग्रीक म्हटलं की आठवतो सिकंदर आणि पोरस. याची मला खंत वाटते, कारण दुवे याहून जवळ आहेत. आयोनिया या ग्रीक प्रदेशावरून आलेला ‘यवन’ (ग्रीक) हा शब्द कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबांवर दानशूरांच्या नावांसोबत कोरलेला आहे. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची काशाची छोटी मूर्ती सापडली. रोमन व्यापाराच्या वाटेने आलेली ती मूर्ती तिथल्याच टाऊन हॉल संग्रहालयात आहे, सहल नेऊन दाखवता येते.

आणि इसाप तर घरचाच. तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच त्याच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. पुढे सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी इसापनीती आणली. मराठी पोरांना भेटलेला पहिला ग्रीक बहुधा हाच, कोल्हा आणि आंबट द्राक्षं घेऊन आलेला. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की इसाप सामोस बेटावरच्या इयाडमॉनचा गुलाम होता. अथेन्सच्या गुलामांना, स्त्रियांना आणि पिढ्यान्पिढ्या तिथेच राहिलेल्या परक्यांना खापर टाकता येत नव्हतं. ज्या पेल्याच्या बुडावर थेमिस्टोक्लीसचं नाव कोरलं, तो घडवणारा कुंभारही त्यांच्यापैकीच एखादा असू शकतो. वर्गात खापरं फिरवताना चार-पाच मुलांच्या हाती ती द्यायचीच नाहीत, आणि का दिली नाहीत हे त्यांनाच विचारू द्यायचं.