थेंब घालूनही नजर सुधारत नाही, म्हणजे औषध निकामी?

‘काचबिंदूचे थेंब महिनोन्‌महिने घालूनही नजर सुधारली नाही, तर ते औषध निकामी समजावे’ हा समज जुना आहे आणि सहज पटणाराही आहे, कारण इतर बहुतेक औषधांचा गुण आपल्याला जाणवतो. हे थेंब मात्र गेलेली नजर परत आणत नाहीत. डोळ्यातील दाब कमी करून ते उरलेली नजर राखतात. (मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा दिसू लागते, त्यामुळे आपल्याकडे हा घोळ अधिकच होतो.)

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना हा समज विशेष महागात पडतो. त्यांच्यात काचबिंदू गोऱ्यांच्या सुमारे ३ पट आढळतो आणि कमी वयात सुरू होतो. त्यातच भेटीचा वेळ थोडा असतो, पूर्वीच्या अनुभवांमुळे दवाखान्यावरचा विश्वासही डळमळीत असू शकतो, आणि ‘थेंब घालता ना?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हटले की विषय संपतो. बाटली दाबताना थेंब गालावर ओघळतो, ही गोष्ट मग निघतच नाही.

पडताळणी अवघड नाही. दाब आधी किती होता, आज किती आहे आणि किती असायला हवा, हे तीन आकडे डॉक्टरांना विचारावेत. दृष्टिक्षेत्र-चाचणीचे (समोर पाहताना आजूबाजूचे किती दिसते, ते मोजणाऱ्या चाचणीचे) जुने व नवे नकाशे शेजारी ठेवून दाखवायला सांगावे. आणि एक थेंब त्यांच्यासमोरच घालून दाखवावा. भेटीपूर्वी छोटी चित्रफीत दाखवून प्रश्नांची यादी हाती दिली, तर काचबिंदूचे कृष्णवर्णीय रुग्ण अधिक प्रश्न विचारतात, असे अभ्यासात दिसून आले आहे.